कल्हईवाल्याचा थोरला

उत्तर ग्रीसमधल्या नेआ कसाबा गावात दुपारी चार वाजले की सुल्ताना म्हातारीच्या घरावरून कुणी मोठ्यानं बोलत जात नसे. कुणाचं गाढव ओरडलं तर मालकच ओशाळून जायचा. चार वाजता म्हातारी रेडिओला कान लावून बसायची आणि रेडिओवरची बाई हरवलेल्यांची नावं वाचायची. अमक्याचा मुलगा तमका, अमुक गावचा, बावीस सालच्या पळापळीत स्मिर्ना बंदराच्या धक्क्यावर शेवटचा दिसला, आई शोधते आहे. कुणाची बहीण शोधते आहे, कुणाचा बाप. यादी संपली की म्हातारी रेडिओ बंद करायची, त्यावर विणलेलं फडकं पसरायची आणि म्हणायची, "आज नाही. उद्या."

रेडिओ घरात येऊन बारा वर्षं झाली होती. त्याआधी ती गावात येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला धरून विचारायची, मग तो फेरीवाला असो, सैनिक असो नाहीतर मेंढ्यांचा डॉक्टर असो. तिचा थोरला मुलगा आनेस्तिस आठ वर्षांचा असताना धक्क्यावर हरवला होता. तो जिवंत आहे याविषयी तिच्या मनात कधी शंकेची पाल चुकचुकली नाही. शंका होती ती धाकट्याच्या मनात, आणि ती त्यानं चाळीस वर्षं मूग गिळून सांभाळली.

हा धाकटा म्हणजे प्रोद्रोमोस. वय बेचाळीस, धंदा कल्हईचा. अंगणात त्याची भट्टी होती. कथील वितळायचं, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, आणि काळंठिक्कर तांब्याचं पातेलं बघता बघता चांदीसारखं व्हायचं. बायका ते बघायला मुद्दाम थांबायच्या. हा धंदा घराण्यातला, आणि आडनावही धंद्यातूनच आलेलं, कलाइजोग्लू. कलाइजी म्हणजे कल्हईवाला आणि ओग्लू म्हणजे मुलगा. दोन्ही शब्द तुर्की, कारण समुद्रापलीकडच्या, तुर्कस्तानातल्या जुन्या कसाब्यात ख्रिस्ती माणसंसुद्धा घरात तुर्की बोलायची आणि ग्रीक चर्चपुरतं ठेवायची. कुणी एक पूर्वज गाढवावर भाता टाकून गावोगाव हिंडायचा, पातेल्यात अनवाणी उभा राहून वाळूनं तळ घासायचा. त्याचं स्वतःचं नाव आता कुणाला ठाऊक नाही. पण त्याच्या पोराला लोक विचारायचे, तू कुणाचा रे? पोरगा सांगायचा, कल्हईवाल्याचा. तेच पुढे कागदावर चढलं.

बावीस साली तुर्की फौज जवळ आली आणि पळून जायची वेळ झाली तेव्हा सुल्तानानं आनेस्तिसला हेच पढवलं होतं. "चुकलास तर रडायचं नाही. कुणी विचारलं तू कुणाचा, तर काय सांगशील?"

"कलाइजोग्लू लाझारोसचा आनेस्तिस, कसाब्याचा."

"परत सांग."

त्यानं दहादा सांगितलं. बाप लाझारोसला वाटेतच इतर पुरुषांबरोबर पकडून नेलं, तो पुन्हा दिसला नाही. धक्क्यावर रेटारेटी झाली तेव्हा सुल्तानाच्या एका हातात आनेस्तिसचा हात होता आणि दुसऱ्या काखेत वर्षाचा प्रोद्रोमोस. मागून लोंढा आला, काखेतलं पोर निसटायला लागलं. त्याला सावरायला तिनं दुसरा हात सोडला. क्षणभरच सोडला असेल. परत हात टाकला तेव्हा तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी कोट होता.

ही हकिगत तिनं प्रोद्रोमोसला लहानपणीच सांगितली होती, आणि दोष देऊन नव्हे, नुसती घडली तशी. पण पोराच्या काळजात ती काट्यासारखी रुतून बसली. गोड भाकरीचा पहिला तुकडा आई बाजूला काढून ठेवायची, आनेस्तिससाठी. संध्याकाळी तो तुकडा प्रोद्रोमोसलाच मिळायचा, पण शिळा होऊन. आईची माया त्याला कमी पडली असं नाही, मात्र ती नेहमी दुसऱ्या हातानं आलेली असायची. मनातल्या मनात त्यानं कधीच आनेस्तिसला मारून टाकलं होतं. मेलेल्या भावावर रुसता येत नाही, म्हणून ते बरं पडायचं.

आडनावाचं दुखणं मात्र वेगळं होतं. नव्या मुलुखात आल्यावर मूळच्या रहिवाशांची पोरं शाळेत ‘ओग्लू, ओग्लू’ करून मागे लागायची, ‘तुर्कांचं बियाणं’ म्हणायची. गावातल्या बाकीच्या घरांनी एकेक करून अर्ज केले आणि ओग्लूचे इदिस झाले. तुर्कीत ओग्लू तेच ग्रीकमध्ये इदिस. सुल्तानानं मात्र ते ऐकून घेतलं नाही.

"माझा पोरगा कलाइजोग्लू म्हणून हरवलाय," ती म्हणायची. "तो कलाइजोग्लूच शोधत येणार. दारावर दुसरीच पाटी दिसली तर काय, माघारी जाऊ दे त्याला?"

मग एकोणसाठ साली प्रोद्रोमोसच्या मुलीला, मेल्पोला स्थळ आलं. मुलगा वेरियाचा, मूळच्या रहिवाशांतला, फळांचे बगीचे असलेला. मुलाचा काका पोलिसात होता आणि नाकानं कांदे सोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ओग्लू आडनावाची सून त्या घरात खपणार नव्हती, हे मेल्पोला कळत होतं. ती फक्त चुलीपाशी बसून राहायची आणि दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नसायचं. शेवटी प्रोद्रोमोसची बायको क्रिसांथी चिडली.

"तुमच्या भावापायी माझी पोर घरात बसवणार आहात का? जो नाही त्याच्यासाठी जी आहे तिचा बळी?"

"आईला काय सांगू?"

"सांगताय कशाला? त्यांना वाचता कुठं येतं?"

ग्रामकचेरीतला म्हातारा कारकून कोस्मास तर वाटच बघत होता. "सही कर बाबा, गावात आता तूच एकटा ओग्लू उरलायस. आणि बदलतंय काय? कल्हईवाल्याचा मुलगा होतास, कल्हईवाल्याचाच राहणार. बाप तोच, फक्त सदरा नवा."

प्रोद्रोमोसनं सही केली. तो कलाइजिदिस झाला, आणि कुटुंबाच्या नोंदीबरोबर आईही कागदोपत्री बदलली. तिला कुणी सांगितलं नाही. सगळा गाव तिला सुल्ताना कलाइजोग्लू म्हणत होता तसाच म्हणत राहिला. रेडिओकडे पाठवायचा शोधाचा अर्ज प्रोद्रोमोस दरवर्षी स्वतः भरायचा आणि त्यावर जुनंच आडनाव घालायचा, गावाच्या पत्त्यासकट. त्यानं त्याला थोडं हलकं वाटायचं.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, बोलणी पक्की होऊन साखरपुडा आठवड्यावर आला असताना, ग्रामकचेरीतला नवा कारकून अंगणात येऊन उभा राहिला. कोस्मास निवृत्त झाला होता. हा दक्षिणेकडचा, सोतिरोपुलोस नावाचा, म्हणजे तोही कुणा सोतिरिसचाच वंशज. मनानं चांगला होता, पण गावाशी अजून ओळख झालेली नव्हती.

"मिस्त्री, तुम्ही इथले जुने," तो म्हणाला. "इथं कुणी कलाइजोग्लू आहेत का हो? नोंदवहीत तर दिसत नाहीत. कुणीतरी पत्र पाठवून चौकशी करतंय."

प्रोद्रोमोसच्या हातात तापलेलं पातेलं होतं. पोलिसातला काका! साखरपुड्याआधी मुलीच्या घरची खोदून चौकशी करायची रीतच होती. हे लोक माणसं पाठवायचे, पाद्र्याला विचारायचे, शेजाऱ्याला दारू पाजायचे. काकानं सरकारी पत्र घातलं असणार. पत्र कुणाचं आहे हे विचारायचंसुद्धा त्याला भान राहिलं नाही, कारण विचारलं तर आपली चोरी पकडली जाईल असं वाटलं. आनेस्तिसचं नाव त्या घटकेला त्याच्या मनाला शिवलंही नाही. मेलेली माणसं पत्रं पाठवत नाहीत.

"नाही," तो म्हणाला. "इथं त्या नावाचं कुणी नाही."

"मग तसं कळवतो," कारकून म्हणाला. त्यानं कॉफी घेतली, क्रिसांथीनं केलेल्या बिहीच्या मुरंब्याची तारीफ केली आणि तो गेला.

मेल्पोचं लग्न झालं. काकानं लग्नात सगळ्यांपेक्षा जास्त नाच केला. चौकशीचा त्यानं कधी उच्चार केला नाही, आणि प्रोद्रोमोसनं सुटकेचा श्वास टाकला.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी, दुपारच्या बसमधून काळ्या कपड्यातली एक बाई उतरली. पंचेचाळिशीची, हातात कापडी पिशवी. प्रोद्रोमोस अंगणात भाता ओढत होता. बाई फाटकाशी थांबली.

"सुल्ताना कलाइजोग्लूंचं घर हेच का?"

"हेच. तुम्ही?"

"मी कालिरोई. पिरेअसहून आले." तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "आनेस्तिसची बायको."

भात्याचा दांडा प्रोद्रोमोसच्या हातातून सुटला. आत रेडिओ चालू होता, चाराची यादी सुरू व्हायची होती. म्हातारीला कानानं कमी ऐकू येत नसे. ती काठीशिवाय दारापर्यंत आली.

"कुठं आहे?" ती म्हणाली. बाईच्या पाठीमागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "मागं राहिला का? सामान आणतोय?"

कालिरोईच्या कपड्यांचा शोकाचा काळा रंग म्हातारीला तेव्हा दिसला असावा. ती उंबऱ्यावरच बसली. क्रिसांथी आतून पाणी घेऊन धावली, तर सुल्तानानं पेला हातानं बाजूला केला.

"कधी?"

"एप्रिलात. छातीचं दुखणं होतं. दहा महिने झाले, आई."

कालिरोई म्हातारीच्या शेजारी उंबऱ्यावरच बसली आणि सांगत राहिली. आनेस्तिसला धक्क्यावरून एका जहाजानं उचललं होतं. सीरोस बेटावरच्या अनाथाश्रमात तो वाढला. तिथं कसाब्याच्याच एका बाईनं त्याला सांगितलं की तुझ्या आईची नाव बुडाली, मी डोळ्यांनी बघितली. त्यानं ते खरं मानलं. पुढे पिरेअस बंदरात जहाजांच्या बॉयलरच्या कामावर लागला. आत बसून खिळे ठोकायचे, बाहेरून घणाचे घाव. तिशीतच दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला.

"बहिरा?" सुल्ताना म्हणाली.

"काहीच ऐकू यायचं नाही. आम्ही रेडिओ घेतलाच नाही. बहिऱ्याच्या घरात रेडिओ कशाला? त्याला वाईट वाटलं असतं."

आतल्या खोलीत रेडिओवरची बाई नावं वाचायला लागली होती. क्रिसांथी उठली आणि तिनं तो बंद केला.

"नाव मात्र बदललं नाही त्यानं," कालिरोई म्हणाली. "मुकादम म्हणायचा, ओग्लू काय ओग्लू, इदिस करून टाक, बढती देतो. हा म्हणायचा, बापाचं एवढंच तर आहे माझ्याकडे. मूलबाळ आम्हाला झालं नाही. मग साठ साली धक्क्यावर एक म्हातारा भेटला, कसाब्याचा. त्यानं कागदावर लिहून दाखवलं की सुल्ताना जिवंत उतरली होती, तान्ह्या पोराला घेऊन, उत्तरेकडे गेली. त्या दिवशी घरी आला तो रडतच आला. मला वाटलं, कुणी मेलं."

तिनं पिशवीतून सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा काढला. आनेस्तिसनं निर्वासितांच्या प्रत्येक गावाला पत्र घातलं होतं. सत्तावीस उत्तरं आली होती.

"नेआ कसाबाचं नाव कळलं तेव्हा तर त्यानं कपडेच भरून ठेवले. म्हणाला, कसाब्याची माणसं तिथंच असणार. आणि उत्तर हे आलं. मला अजून कळत नाही. गेल्या महिन्यात शेजारणीनं रेडिओवर ऐकलं आणि धावत आली, तुझ्या नवऱ्याला शोधतायत म्हणून. गाव सांगितलं नेआ कसाबा. मी म्हटलं, शक्यच नाही, त्यांनी तर लिहून दिलंय. आज कॉफीच्या दुकानात विचारलं तर चार जणांनी एकदम हात केला, ते बघा घर! मग कागदावर असं कसं?"

तिनं वरचाच कागद प्रोद्रोमोसच्या हातात दिला. ग्रामकचेरीचा शिक्का होता. आपल्या पत्रास उत्तर म्हणून कळविण्यात येते की, नोंदवही पाहता आणि स्थानिक रहिवाशांकडे चौकशी करता, कलाइजोग्लू आडनावाचे कुणीही या गावात राहत नाहीत. खाली तारीख होती. ऑक्टोबर, साठ.

त्यानं ती तारीख पुन्हा वाचली. साखरपुड्याच्या आधीचा आठवडा. त्याला पातेलं आठवलं, कारकुनाचे धुळीनं माखलेले बूट आठवले. तो भट्टीच्या कठड्यावर टेकला.

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं.

क्रिसांथीनं त्याच्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको. तिच्याही लक्षात आलं होतं.

"कारकून नवा असेल," कालिरोईच म्हणाली. "चूक झाली असेल बिचाऱ्याची."

किती सोपं होतं! कारकुनावर ढकलून मोकळं व्हायचं. तो माणूस दोन वर्षांपूर्वीच बदली होऊन गेला होता, त्याला कोण विचारणार होतं? प्रोद्रोमोसनं तोंड उघडलं ते तेच म्हणायला. पण त्या बाईनं आपल्या नवऱ्याला आलेली सत्तावीस उत्तरं सुतळीनं बांधून आणली होती, गाठ मारताना प्रत्येक कागदाचे कोपरे जुळवले होते. त्याला ते बघवेना.

"चूक त्याची नाही," तो म्हणाला. "आई, मी नाव बदललं. एकोणसाठ सालीच. मेल्पोच्या लग्नासाठी. कचेरीत आपण कलाइजिदिस आहोत."

सुल्तानानं त्याच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"आणि तो कारकून इथं आला होता. ह्या अंगणात. कलाइजोग्लू कुणी आहे का म्हणून विचारलंन. मला वाटलं, वेरियाची माणसं चौकशी करतायत. मी नाही म्हणालो."

"तू म्हणालास?"

"हो."

"तुझ्या तोंडानं?"

"हो, आई."

कालिरोईनं हात तोंडावर नेला. क्रिसांथी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रोद्रोमोस वाट बघत होता. आईनं शिव्या घालाव्यात, भट्टीतला चिमटा उचलून मारावा, छाती बडवून गाव गोळा करावा, काहीही करावं. तिनं यातलं काही केलं नाही. ती बोलली तेव्हा तिचा आवाज साधाच होता.

"त्या दिवशी धक्क्यावर तू फार रडत होतास," ती म्हणाली. "निळा पडला होतास. मला वाटलं, आता हातातून जातो."

एवढंच म्हणून ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. प्रोद्रोमोसनं आयुष्यात कधी केला नव्हता तेवढा आक्रोश त्या अंगणात केला. कालिरोई, जिचा नवरा गेला होता ती, उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्यामुळे त्याला आणखीच रडू येत होतं.

तिला त्यांनी परत जाऊ दिलं नाही. परवा आत्म्यांचा शनिवार होता. त्या शनिवारी घरोघरी मेलेल्यांसाठी गहू उकडतात, त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालतात आणि ताट चर्चमध्ये नेतात. ताटाबरोबर पाद्र्याला एक कागद द्यायचा असतो. वर क्रूस, खाली दोन रकाने. एकात घरातले जिवंत, दुसऱ्यात घरातले मेलेले. पाद्री ती नावं वाचतो आणि सगळ्यांसाठी मागणं मागतो. त्यात आडनावं लागत नाहीत. देवाला माणूस नुसत्या नावानं कळतो, असं पाद्री म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी सुल्तानानं गहू स्वतः निवडले. आदल्या दिवसापासून ती प्रोद्रोमोसशी बोलली नव्हती. तोही तिच्या नजरेसमोर यायचं टाळत होता. सासू-सुना मिळून तिघी काम करत होत्या. गहू फडक्यावर वाळत घातल्यावर म्हातारीनं हाक मारली.

"कागद आण. पेन्सिल आण."

तो आला. सात वर्षांचा असताना अक्षर लावायला शिकला तेव्हापासून हा कागद तोच लिहीत आला होता. टेबलाशी बसून त्यानं क्रूस काढला, मधोमध रेघ मारली.

"आधी मेलेले," आई म्हणाली. "लाझारोस."

त्यानं लिहिलं.

"आनेस्तिस."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच थांबली. हे नाव त्यानं पस्तीस वर्षं दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, जिवंतांच्या, तेही सगळ्यात वर. त्यानं पेन्सिल हातात घेतली की क्रूस पुरा व्हायच्या आत आईच्या तोंडून ते बाहेर पडायचं, आणि त्याचं स्वतःचं नाव त्याच्या खाली यायचं. कालिरोई दारात उभी राहून बघत होती. त्यानं आनेस्तिसचं नाव बापाच्या नावाखाली लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"झालं?"

"झालं, आई."

"आता जिवंत."

तो मान खाली घालून बसला होता. आपलं नाव तिनं गाळलं तरी चालेल, गाळावंच, असं त्याला वाटत होतं.

"प्रोद्रोमोस," आई म्हणाली. मग तिनं क्रिसांथीचं नाव सांगितलं, मेल्पोचं सांगितलं, आणि दाराकडे बघून कालिरोईचं.

त्यानं आपलं नाव पहिल्या ओळीत लिहिलं. लहानपणापासून त्याला तिथंच यायचं होतं.